सव्वा मूठ गहू

व्होई, केनिया
ता. ६ मार्च १९३८

ती. सौ. भागाअक्कास वनाचा नमस्कार.

आधी हे वाच की मी जिवंत आहे. मागच्या पत्रात मी सिंहाचं लिहिलं, ते वाचून तू दाजींना धुळ्याच्या तार ऑफिसात पिटाळलंस म्हणे. अक्का, सिंह मोटारीपाशी आला, चाक हुंगलं आणि गेला. त्याला रबराचा वास आवडला नसावा.

रेल्वेच्या शेडमधली नोकरी मी सोडली. पाचोऱ्याच्या कापसाच्या जिनात इंजिन सांभाळायला शिकलो होतो, ते इथे कामाला आलं. आता मी कार्टर साहेबाच्या लॉजवर मोटार चालवतो आणि बिघडली की दुरुस्त करतो. लॉज म्हणजे आपली धर्मशाळाच समज, पण भर रानात. गवताच्या छपराच्या खोल्या, समोर पाणवठा, आणि त्या पाणवठ्यावर येणारी जनावरं बघायला विलायतेहून माणसं येतात. शिकारीला नाही हं, नुसती बघायला. आपल्या शेतात रानडुक्कर शिरलं तर आपण डबे बडवतो. इथे डुक्कर दिसलं की मडमा एकमेकींना गप्प बसवतात आणि दुर्बीण काढतात.

सकाळी चहा-बिस्कीट देऊन पाहुण्यांना पायी फिरवायचं, पुढे बंदूकवाला, मागे मी. ऊन वाढलं की मोटारीतून जिराफ दाखवायचे. संध्याकाळी टेकडीवर खुर्च्या मांडायच्या आणि सूर्य बुडेपर्यंत सगळ्यांनी तिकडे बघत बसायचं. सूर्य तर विलायतेतही बुडत असेल ना? मी एकदा विचारलं, तर साहेब खूप हसला. का हसला ते मला अजून कळलेलं नाही.

आता कामाचं. लॉजवर एक म्हातारी मडम आली होती, हिंदुस्थानात राहून गेलेली, मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायची. तिने विचारलं, तुझ्या मुलखातला मोठा सण कोणता? मी म्हटलं, कानबाई. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात बसते. तिच्या रोटांसाठी घरातला कर्ता माणूस कोठीतून गहू काढतो, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ. ते दळून रोट करायचे, ते घरच्यांनीच खायचे, परक्याला कण द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचे. मडमेला फार आवडलं. म्हणाली, बायकांच्या नावाची मूठ? मी म्हटलं, बायकांची मोजत नाहीत, त्या रोट करतात आणि खातात. ती म्हणाली, का? मी म्हटलं, मोटारीत पाणी घालायचं राहिलं, आणि उठून गेलो.

पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. तुला ठाऊकच आहे, मी आगबोट चुकू नये म्हणून रोट संपायच्या आधी गाव सोडलं. माझ्या पानात अर्धा रोट तसाच राहिला. आबा ओट्यावर बसले होते, त्यांनी ‘ये’ही म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. तिसरं वर्ष सुरू आहे. मी पत्रं टाकतो, मास्तर त्यांना वाचून दाखवतात, उत्तर येत नाही. अक्का, मला एवढंच कळव. आबा माझ्या नावाची मूठ मोजतात का? मोजत असतील तर मी अजून त्या घरचा आहे. मोजत नसतील तर तेही कळव, म्हणजे मी वाट बघणं सोडून देईन.

तुझा
वना


व्होई
ता. १८ सप्टेंबर १९३८

ती. अक्का,

तुझं पत्र पोचलं. अक्का, मी सरळ प्रश्न विचारला होता. तू तीन उत्तरं पाठवलीस आणि तिन्ही वेगळी.

सुकदेवकाका म्हणतात, वनाची मूठ पहिल्याच वर्षी बंद झाली. शेजारची ताईबाई म्हणते, बंद कशी होईल, यंदा तर रोट उरत होते आणि पुनव तोंडावर आली तरी संपत नव्हते. आणि तू स्वतः आबांना विचारलंस तर आबा म्हणाले, “गहू कसा शे ते इचार. मूठ कसाले इचारस?” हे काय उत्तर झालं? गहू कसा होता तेसुद्धा तू लिहिलं नाहीस.

रोट उरले याचा अर्थ माणसांपेक्षा मुठी जास्त होत्या, असं मी रात्रभर धरून बसलो. सकाळी वाटलं, छे, यंदा काकांच्या सुना माहेरी गेल्या असतील, खाणारी तोंडंच कमी झाली असतील. दुपारी पुन्हा पहिलंच बरोबर वाटायला लागलं. त्या नादात मी मोटारीच्या टाकीत तेल घालायच्या ठिकाणी पाणी घातलं. कार्टर साहेबाने मला जे सुनावलं ते इंग्रजीत होतं, त्यामुळे फार लागलं नाही.

इथले हत्ती तांबडे असतात, खरंच. इथली माती गेरूसारखी लाल, ती ते अंगावर उडवून घेतात. गेल्या आठवड्यात पाहुण्यांना घेऊन एका कळपापाशी थांबलो होतो. पुढे म्हातारी हत्तीण, मागे बाया-पोरं, आणि बऱ्याच अंतरावर एक तरणा हत्ती एकटाच. कळप चालला की तो चाले, कळप थांबला की तोही थांबे. जवळ जात नव्हता आणि निघूनही जात नव्हता. एका पाहुण्याने विचारलं, याला हाकललंय का? बंदूकवाला म्हणाला, हाकलला असेल किंवा स्वतःच निघाला असेल, तरण्या नरांचं असंच असतं. मी म्हटलं, पण तो आहे कुणाचा? बंदूकवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप मोटार सुरू केली.

पाणघोडे मात्र मला आवडले. आपल्या म्हशी मेहरूणच्या तळ्यात पडून राहायच्या तसे दिवसभर पाण्यात असतात, फक्त म्हैस माणसाला चावून दोन तुकडे करत नाही. त्यांच्या डोहाकाठी पाहुण्यांचं जेवण असतं. टेबल, पांढरी चादर, केळी. केळी टैटाच्या डोंगरातून येतात. केळी आणणारी बाई पिकायच्या आधीच घड काढते, मी तिला सांगितलं की आमच्याकडे असं करत नाहीत. ती म्हणाली, तुमच्याकडे करत नसतील, आम्ही कच्चीच शिजवून खातो. मग तिने दुसऱ्या दिवशी शिजवून आणली. वाईट नव्हती. परवा पुन्हा आणली. मीठ कमी होतं, मी सांगितलं, तर म्हणाली, मीठ तू आण.

आबांना पुन्हा विचारू नकोस. किंवा विचार. मला काही सुचत नाही.

वना


व्होई
ता. २ एप्रिल १९३९

ती. अक्का,

तू खवचट आहेस. “तुझ्या गेल्या तीन पत्रांत सिंह एकदा आला, हत्ती दोनदा आले आणि केळीवाली प्रत्येक पानावर आली,” असं लिहिलंस. दाजींनी वाचलं का ते? वाचलंच असेल.

तर मग ऐक. तिचं नाव वाकेशो. तिच्या लोकांत सकाळी जन्मलेल्या मुलीला हे नाव देतात. तिच्या बापाचं टैटाच्या डोंगरावर केळीचं शेत आहे. मी कार्तिकात तिच्याशी लग्न केलं. तिच्या बापाला शेळ्या द्याव्या लागल्या. आपल्याकडे मुलीचा बाप देतो, इथे मुलाने द्यायचं. शेळ्या ओढत डोंगर चढताना माझी जी फजिती झाली ती मी कधी तरी तोंडी सांगेन.

मी हे तुझ्यापासून का लपवलं? खरं सांगतो, मला भीती वाटली. तू रागावशील याची नाही. तू रागावून झाल्यावर मायेने लिहिशील आणि मग मला रडू येईल, याची.

माझ्या मनात हे कसं आलं तेही सांगतो. गेल्या वर्षी पाहुण्यांना घेऊन सकाळी पायी निघालो होतो. वाकेशो लॉजकडे केळी घेऊन येत होती, ती वाटेत भेटली आणि आमच्यामागून चालू लागली. अचानक झुडपातून गेंडा निघाला. बंदूकवाला ओरडला, पाहुणे झाडाआड पळाले, मी एका काटेरी बाभळीवर चढलो. कसा चढलो मला आठवत नाही, उतरताना मात्र प्रत्येक काटा आठवला. गेंडा धुरळा उडवत सरळ निघून गेला, त्याला आमच्याशी काही घेणंच नव्हतं. खाली वाकेशो डोक्यावरचा घड तसाच धरून एका बाजूला उभी होती. म्हणाली, “त्याला नीट दिसत नाही. आपण फक्त वाटेतून बाजूला व्हायचं.” आणि मग बाभळीवरच्या मला बघून खाली बसून हसली. मला फार राग आला. अक्का, त्या दिवसापासून मला ती दिसली नाही की चैन पडेना.

आता खरी गोष्ट. तिला दिवस गेलेत. श्रावणाच्या सुमारास होईल.

तू गावी जाशील तेव्हा आबांना हे पत्र वाचून दाखव. मास्तरांना देऊ नकोस, तू वाच. काही गाळू नकोस. त्यांना विचार की माझ्या पोराच्या नावाची मूठ ते मोजतील का. माझी मोजतात की नाही हेच मला माहीत नाही, आणि मी पुढची विचारतोय. वाकेशोला मी हे सगळं समजावलं. ती म्हणाली, “तुझा बाप तिकडे गहू मोजणार, मग पोर तुमचं होणार? आणि नाही मोजला तर काय मी परत पोटात घेऊ?” पण मला ती मूठ हवी आहे. का हवी ते विचारशील तर सांगता येणार नाही. इथे ती काही पोटाला लागणार नाही. पण माझं पोर कुठल्याच घरात मोजलं गेलं नाही असं व्हायला नको.

वना


व्होई
ता. ६ ऑगस्ट १९३९

ती. अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. आगबोटी उशिरा येतात, युद्ध होणार असं लॉजवरचे साहेब लोक म्हणतात, पाहुणेही कमी झालेत. की आबा काही बोललेच नाहीत, म्हणून तू लिहीत नाहीस?

मी इथे काय करून बसलो ते ऐक. अमावास्या बघितली, दिवस मोजले, नागपंचमी धरली, पुढचा रविवार धरला आणि कानबाई मांडली. नारळ मोंबासाहून आणवला, वाकेशोने लाल भोपळा शोधून आणला. गहू कॅन्टीनमधून. मी सव्वा मूठ घेतली. माझी. मग हात कोठीत, म्हणजे डब्यात, तसाच राहिला. पोटातल्याची घ्यायची का? आबा घेतील ती खरी, मी कोण घेणार? हात बाहेर काढला. वाकेशोने रोट केले, भाकरीसारखे झाले, खाल्ले. ती मुकाट्याने खात होती, आणि मुकाट्याने ती कधीच खात नाही.

मग व्होई स्टेशनावरच्या गुजराती गिरधरशेठच्या दुकानात गेलो तर तो कपाळावर हात मारून हसायला लागला. “अरे पटेल, यंदा अधिक श्रावण आहे! खरा श्रावण अजून लागायचा आहे!” मला कोण सांगणार, अक्का? इथे पंचांग नाही, पाऊस भलत्याच महिन्यात पडतो, आत्ता श्रावण म्हणायचा तर थंडी वाजतेय. बिनमहिन्याच्या महिन्यात मी कानबाई बसवली. देवी आली असेल का? आली असेल तर गोंधळली असेल.

आणि मुख्य बातमी. परवा पहाटे वाकेशो बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. पोर काळीसावळी, नाक आपल्या आबांचं, आवाज तिच्या आईचा.

तेव्हा प्रश्नच मिटला. मुलीची मूठ मोजत नाहीत. आबांना सांग, तुम्हाला काही ठरवावं लागणार नाही, अडचणीत पडू नका. मी हे वाकेशोला सांगितलं आणि तिने तोंड फिरवलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी बाहेर जाऊन मोटारीच्या चाकावर बसून राहिलो, आणि मी खूश आहे की रडतोय हे मलाच कळेना. पोरीवर माझा काडीचा राग नाही, हे मात्र कळलं. मग राग कुणावर आहे? माझा राग सुटा फिरतोय, त्याला कुठे बांधू ते सुचत नाही.

तू आत्या आहेस. नाव तू ठेवायचंस. तेवढं तरी पाठव.

वना


व्होई
ता. १९ नोव्हेंबर १९३९

ती. अक्का,

काल पाचोऱ्याचा रुपचंद येऊन पोचला. रेल्वेत लागलाय. आगबोट दिवे बंद करून आली म्हणे, तो अजून हादरलेला आहे. त्याने मला पत्र्याचा डबा दिला, वर सुतळी, सुतळीवर लाख. म्हणाला, “भाऊ, वाटमा बठ्ठासनी इचारं, डबामा काय शे? मी सांगं, मना नही, मी उघडाव नही.” परक्या घरचा रोट म्हणून त्याने तो समुद्रभर शिवला नाही. भला माणूस.

डब्यात दोन रोट आणि तुझं पत्र. मी पत्र आधी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग वाकेशोला तिच्या भाषेत सांगायला लागलो आणि मध्येच उठून बाहेर गेलो. तिला वाटलं, घरी कोणी वारलं.

अक्का, तू लिहिलंय ते मी पुन्हा लिहून काढतो, म्हणजे मला पटेल. तू चैत्रातलं माझं पत्र आबांना वाचून दाखवलंस. आबा ऐकून उठले आणि बैलांना पाणी पाजायला गेले. पुढे तो विषय त्यांनी काढला नाही. कानबाईच्या आधी सगळे भाऊबंद जमले, आबांनी कोठीत हात घातला, नावं घेत मुठी काढल्या. सगळ्यांत शेवटी म्हणाले, “वना.” तू दचकलीस. सुकदेवकाका म्हणाले, हे काय नवीन? आबा म्हणाले, “नवं काय? दर साल काढस. तुम्ही बठ्ठा गया का मंग काढस.” तुम्ही सगळे गेलात की दर साल माझी मूठ, आणि म्हणून रोट उरत होते. माझ्या वाट्याचा रोट दर वर्षी आबा स्वतः खात होते, त्या उरल्यासुरल्या दातांनी. मी टाकून आलो तो अर्धासुद्धा त्यांनीच संपवला होता.

आणि मग त्यांनी पुन्हा हात घातला. “वनानं लेकरू.” काका उठून उभे राहिले. माय कोण जातीची, पोर कुठल्या मुलखात, आणि अजून जन्मलं की नाही तेही माहीत नाही! आबा म्हणाले, “मूठ मना हातनी शे.” आणि गहू सुपात टाकला.

माझं मुलीचं पत्र त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी पोचलं. तोवर गहू दळून झाले होते, रोट भाजून झाले होते. मुलगी झाल्याचं ऐकून काका म्हणाले, झालं, एक मूठ वाया गेली, आंडेर व्हयनी. आणि आबा म्हणाले, “मोजेल मूठ कोठीमा परत जात नही. आंडोर व्हवो का आंडेर, मोजी ती मोजी.” दोन रोट त्यांनी बाजूला काढून ठेवले होते, ते पुनव उलटू दिली तरी कुणाला हात लावू दिला नाही. उन्हात वाळवले, तुपाचा हात फिरवला आणि रुपचंद निघेपर्यंत रोज उलटेपालटे केले.

आता तुझ्या पत्रातला तो भाग, जो तू लिहून खोडला होतास. खोडलेलं वाचता येतं, अक्का. “वना, माझ्या नावाची मूठ या घरात कधी कुणी मोजली नाही. लग्न झालं त्या दिवशी माहेरचा रोट बंद झाला, सासरचा सुरू झाला, मला कुणी विचारलंही नाही. तुझ्या पोरीची मोजली ते बघून मला इतका आनंद झाला की मी माजघरात जाऊन रडले. आनंदाचंच रडले बहुतेक.” ते ‘बहुतेक’ तू दोनदा खोडलंस.

इतके दिवस मी तुलाच विचारत बसलो, माझी मूठ, माझी मूठ. तू दर वेळी धुळ्याहून गाडी करून गेलीस, विचारून आलीस, लिहिलंस. मला एकदाही सुचलं नाही की तुझी मूठ कुठे आहे. त्या म्हाताऱ्या मडमेने विचारलं होतं आणि मी मोटारीत पाणी घालायला पळालो.

रोट दगडासारखा झालाय. हातोडीने फोडला. सुगंधाला, हो, नाव सुगंधाच ठेवलं, तू लिहिलंस तेच, तिला दुधात भिजवून बोटभर चाटवला. तिने तोंड वाकडं केलं आणि मग बोट सोडेना. मग मी माझा खाल्ला. वाकेशो बघत उभी होती. मी तुकडा तिच्यापुढे केला. ती म्हणाली, “हे परक्यांना देत नाहीत ना?” मी म्हटलं, “परक्यांना देत नाहीत.” तिने घेतला, चावला आणि म्हणाली, “मीठ कमी आहे.”

एक तुकडा मी कागदात गुंडाळून या पाकिटात घातलाय. तो तुझा. लेकीला माहेरचा रोट चालत नाही हे मला ठाऊक आहे. पण हा गावाहून निघाला, समुद्र ओलांडून वाकेशोच्या घरात आला आणि तिथून परत तुझ्याकडे येतोय. आता याला माहेरचा म्हणायचं का, कुणाचा म्हणायचा, ते मला कळत नाही. आबांना विचारू नकोस. खा.

वना